फेरीला दिलेली घोडी

फसवल्या गेलेल्या माणसाची लोकांना दया येते. फडतरेकाकांची मला कधी आली नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. माणूस अडाणी किंवा लोभी असता तर मी समजून घेतलं असतं. काका दोन्ही नव्हते. भाजीवाल्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक त्यांनी एकदा रस्त्याच्या पलीकडून ओळखलं होतं. असा माणूस एकाच खुर्चीत बसून, एकाच पद्धतीने, तीनदा फसला. तिसऱ्यांदा तर उरलंसुरलंही देऊन टाकलं, तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते आणि ओरडत होते.

मी तेव्हा बडोद्याला निजामपुऱ्यात सायबर कॅफे चालवायचे. फरसाणाच्या दुकानाला लागून एक लांबट गाळा, सहा कम्प्युटर, मध्ये प्लायवुडच्या आडभिंती. इंटरनेट बाजारात आलं होतं, पण घरोघरी पोचलं नव्हतं. लोक ई-मेल बघायला, निकाल काढायला, रेल्वेचं तिकीट करायला यायचे, आणि गेम खेळायला. त्यातल्या एका गेमने माझं डोकं उठवलं होतं. एकाच वेळी देशभरातले हजारो लोक तो खेळत. त्यात राज्यं होती, बाजार होता, तलवारी, चिलखतं आणि घोडे होते. एकेक वस्तू कमवायला महिने लागत, म्हणून खेळणाऱ्यांत अदलाबदल जोरात चाले. आणि अदलाबदल आली की ठग आलेच. कोणी मित्राच्या नावात ओ काढून शून्य घालायचा आणि मित्र म्हणून यायचा. कोणी ‘मी गेमच्या कंपनीतून बोलतोय’ म्हणत पासवर्ड मागायचा. ‘तुझी तलवार दे, दुप्पट करून देतो’ म्हणणाराही असायचा, आणि त्याला तलवार देणाराही असायचाच. दर आठवड्याला माझ्या गाळ्यात कोणाची तरी रडारड ठरलेली. मी तो गेम कधी खेळले नाही, पण सहा महिन्यांत त्यातल्या सगळ्या युक्त्या मला पाठ झाल्या. शेवटी मी भिंतीवर जाड अक्षरात पाटी लावली: ‘पासवर्ड कोणालाही सांगू नये. कोणालाही म्हणजे कोणालाही.’ ही पाटी पुढे माझ्यावरच उलटली.

काका पहिल्यांदा आले ते कॅनडातल्या मुलीची ई-मेल छापून घ्यायला. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट आणि पायांत कंपनीचे जुने काळे बूट. तीस वर्षं त्यांनी एका रसायनाच्या कारखान्याची कामगारांची बस चालवली होती. मग कारखान्याने बसगाड्या ठेकेदाराला दिल्या आणि काकांना हार, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. मला बाकी सगळं गिऱ्हाईक ‘बेन’ म्हणायचं. काका आल्या आल्या म्हणाले, “बाईसाहेब, एक पत्र काढायचं होतं.” मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

छापलेला कागद घडी करून खिशात घातला आणि ते शेजारच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. तिथे एक घोडा दुडक्या चालीने चालला होता.

“हे चुकलं,” काका म्हणाले.

“काय चुकलं?”

“दुडकीत एकाच बाजूचे पाय एकदम उचलत नाहीत. तिरके उचलतात. पुढचा उजवा, मागचा डावा. ज्याने हे काढलंय त्याने घोडा बघितलेला नाही.”

“तुम्ही बघितलाय?”

“आमचे आजोबा पागेत होते,” ते म्हणाले. संस्थानच्या घोडदळात, असं त्यांना म्हणायचं होतं. हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की ते ‘आमचे’ म्हणाले की मी ‘पागेत होते’ म्हणून पुरं करायचे. खुद्द काका जन्मात एकदाच घोड्यावर बसले होते, स्वतःच्या लग्नात, आणि तीही भाड्याची घोडी, जिचा लगाम दुसऱ्याच्या हातात. हे मला नंतर काकूंनी सांगितलं. काकांचं सगळं घोडेज्ञान वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. पण ते ज्ञान पक्कं होतं, यात मला शंका नाही.

तर चुकीच्या चालीचा घोडा बघून चिडलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला येऊन चार नंबरच्या कम्प्युटरवर बसला, आणि मग दोन वर्षं रोज बसला. चार नंबरला ते ‘पागा’ म्हणायचे. “बाईसाहेब, पागा मोकळी आहे का?” दोन बोटांनी टाइप करायचे, इंग्रजी अक्षरांत गुजराती. गेममध्ये कोणीही समोर आला की आधी ‘केम छो’, मग ‘कया गामना?’ लोक तलवार उपसून अंगावर यायचे आणि काका त्यांना गाव विचारायचे. गंमत म्हणजे निम्मे लोक सांगायचे.

लढाईत त्यांना रस नव्हता. ते घोडे पाळायचे, चंदी घालायचे, खरारा करायचे आणि विकायचे. विकायची वेळ आली तेव्हा मी त्यांना अदलाबदलीची रीत समजावली. पडद्यावर दोन चौकटी येतात. एकीत तुमची वस्तू, दुसरीत त्याची. दोघांनी ‘मंजूर’ दाबलं की दोन्ही एकदम बदलतात. तोवर कोणाचंच काही जात नाही.

“म्हणजे घोडा डबीत घालून दाखवायचा?”

“डबीत म्हणा, पेटीत म्हणा. पण याच्याबाहेर काही द्यायचं नाही.”

“असा सौदा असतो का कुठे? घोडा आधी फेरीला द्यावा लागतो. घेणाऱ्याने फिरवून बघायचा. विकणाऱ्याने जागच्या जागी उभं राहायचं. मागे जायचं नाही. मागे गेला तर समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होतं.”

“काका, इथे सगळे चोरच आहेत.”

“असं म्हणू नये,” काका म्हणाले, आणि पहिला घोडा कुठल्याशा माणसाला फेरीला दिला.

मी शपथेवर सांगते, ते पावणेदोन तास पडद्यासमोर हलले नाहीत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पडद्यावर त्यांचा तो बाहुला बाजाराच्या वेशीत उभा, आणि इकडे हे. मी दोनदा जाऊन सांगितलं की काका, तो गेला. “लांबची फेरी दिसतेय,” ते म्हणाले. शेवटी उठले, बूट झटकले आणि म्हणाले, “घोडा आवडला त्याला.”

दुसऱ्या वेळी हेच. फक्त वाट पावणेतीन तास पाहिली.

बरं, बाकीच्या युक्त्या त्यांना कळत नव्हत्या असंही नाही. एकदा एकाने चौकटीत सोन्याच्या मुठीची तलवार ठेवली आणि शेवटच्या क्षणी काढून तशीच दिसणारी साधी ठेवली. भल्याभल्यांना हे दिसत नाही. काकांनी ‘मंजूर’वरचं बोट उचललं आणि टाइप केलं, ‘भाई, मघाची मूठ पिवळी होती, ही करडी आहे. चष्मा तुला हवा की मला?’ ‘कंपनीतून बोलतोय’वाल्याला तर त्यांनी कारखान्याचं नाव, खात्याचं नाव आणि साहेबाचं नाव विचारून असा पळवला की शेजारच्या खुर्च्यांतले लोक उठून बघायला आले. मग हाच माणूस फेरीच्या बाबतीत असा का? मी एकदा स्पष्ट विचारलं.

“पादऱ्याचा माणूस परत आला होता ना?” ते म्हणाले.

हा पादऱ्याचा माणूस म्हणजे माझा शत्रू. काकांनी कधीतरी आपली जुनी स्कूटर विकायला काढली होती. जवळच्या पादरा गावाहून एक जण आला. काकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, फिरवून बघ. ना नाव विचारलं ना पत्ता. तो जो गेला तो दोन तास आलाच नाही. काकूंनी गल्ली डोक्यावर घेतली. आणि मग तो आला. म्हणाला, स्कूटर इतकी छान चालली की पादऱ्यापर्यंत गेलो, घरच्यांना दाखवली, उशीर झाला म्हणून ही तुमच्यासाठी शेतातली वांगी. पिशवीभर.

“वांगी आणली त्याने, बाईसाहेब. मी मागे गेलो असतो तर वांगी मिळाली असती का?”

एका प्रामाणिक माणसाने माझं किती नुकसान केलं ते त्या पादऱ्याच्या शेतकऱ्याला माहीत नाही.

मग घोडी आली. विकत घेतलेली नाही, शिंगरू असल्यापासून वाढवलेली. त्या गेममध्ये असं शिंगरू क्वचित मिळे, आणि त्याला रोज चंदी घालावी लागे. सात दिवस घातली नाही तर ते मरे, आणि मेलं की मेलं, पुन्हा मिळत नसे. काका आठ महिने एकही दिवस चुकले नाहीत. उत्तरायणाच्या दिवशी आख्खं शहर गच्चीवर पतंग उडवत होतं, मीही गच्चीवर होते, आणि हे खाली उभे राहून मला हाका मारत होते, “बाईसाहेब, फक्त पाच मिनिटं पागा उघडा!” मी फिरकी जावेच्या हातात दिली आणि शिव्या देत खाली उतरले.

घोडीचं नाव त्यांनी ठेवलं हरणी. राहायचेही ते हरणी नावाच्याच भागात, विमानतळाकडच्या एका सोसायटीत. त्यातून जो घोळ व्हायचा तो मला रोज निस्तरावा लागे. काकूंचा फोन यायचा.

“अहो, हे आहेत का तिथे?”

मी विचारायचे. काका पडद्यावरून नजर न काढता म्हणायचे, “सांगा, हरणीपाशी आहे.”

“काकू, ते हरणीपाशी आहेत म्हणतात.”

“हरणीला मी आहे! इथे तर नाहीत.”

“ती नाही, दुसरी हरणी.”

“दुसरी?” काकू म्हणायच्या, आणि त्या आवाजावरून मला कळायचं की फोन आता ठेवलेला बरा.

घोडी आठ महिन्यांची झाली तेव्हा काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. डॉक्टरांनी सांगितलं, एकामागून एक दोन्ही डोळे करू, महिनाभर पडद्यासमोर बसायचं नाही. काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. एक महिना म्हणजे तीस दिवस, आणि घोडी जगणार सात.

“एवढंच ना?” मी म्हटलं. “मी घालते रोज चंदी. दोन मिनिटांचं काम. तुमचा पासवर्ड द्या.”

काकांनी बोट वर करून माझ्या पाटीकडे दाखवलं.

“काका, ती पाटी मी लावलीय.”

“म्हणून तर. ‘कोणालाही म्हणजे कोणालाही.’ तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं चालेल?”

“मग माझ्या नावाने खातं उघडते, घोडी माझ्या नावावर करा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अपमान करायचा नव्हता, पण खोटंही बोलायचं नव्हतं. “बाईसाहेब, तुम्हाला घोड्यातलं काय कळतं?”

यानंतर मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्या दोन दिवसांत त्यांनी गिऱ्हाईक शोधलं. सरदार नावाने खेळणारा कोणी एक. काकांनी गाव विचारलं तर त्याने अमरेली सांगितलं. घोडीला काय खायला घालशील, खरारा किती वेळा, सगळी उलटतपासणी केली. उत्तरं बरोबर आली. मग काकांनी घोडी फेरीला दिली. मला हे कळलं तेव्हा सरदार जाऊन चार तास झाले होते.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाजूच्या फरसाणवाल्याने येऊन विचारलं, “शुं थयुं, बेन?”

“कोणी मेलं नाही,” मी म्हटलं. “काकांची घोडी गेली.”

“घोडी?” तो म्हणाला आणि हात पुशीत परत गेला.

पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. फडतऱ्यांच्या घरात अजून एक नियम होता: घोडा द्यावा, लगाम देऊ नये. घोडा विकला तरी लगाम घरात राहतो. म्हणून फेरीला देताना काकांनी हरणीला बाजारातला साधा लगाम चढवला होता आणि तिचा स्वतःचा आपल्याकडे ठेवला होता. आणि त्या गेममध्ये शिंगरू असल्यापासून वाढवलेला घोडा त्याच्या स्वतःच्या लगामाशिवाय पाऊल टाकत नसे. हे ना काकांना माहीत होतं ना सरदारला. दिलेला घोडा थेट घेणाऱ्याच्या तबेल्यात जाऊन पोचायचा, म्हणून चोराने घोडी नेली, पण तिथे ती नुसती उभी. त्याला लगामासाठी परत यावंच लागणार होतं.

आला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी. मी हातातलं तिकिटाचं काम टाकून काकांच्या मागे जाऊन उभी राहिले. सरदारने लिहिलं, ‘काका, लगाम मोकलो ने.’ पाठवा ना, म्हणतोय! जसा काही सुनेचा राहिलेला दागिना मागतोय.

“आता हा तुमच्या मुठीत आहे,” मी म्हटलं. “लिहा, आधी घोडी चौकटीत ठेव. घोडी परत आली की दुसरा कोणी भला माणूस बघू. मी बघते. माझ्याकडे येणाऱ्यांत दोघं-तिघं चांगले आहेत.”

काकांनी लिहिलं, ‘पहेला घोडी पाछी आप.’ आधी घोडी परत दे. पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं म्हणून मला बरं वाटलं.

सरदार म्हणाला, ‘नहीं आपुं.’ नाही देणार. मग लिहिलं, ‘काका, ए चालती नथी. एनी पट्टी जुओ.’ चालत नाही, तिची पट्टी बघा.

ज्याने घोडा वाढवला त्याला तो कुणाकडेही असला तरी त्याची तब्येत दिसायची, एका आडव्या पट्टीवर. हिरवी म्हणजे ठणठणीत. काकांनी हरणीच्या नावावर क्लिक केलं. पट्टी पिवळीच्या पुढे जाऊन लाल व्हायला लागली होती. चंदी तो घालत होता, ते दिसत होतं. पण उभा ठेवलेला घोडा तिथेही खंगायचा.

“बसू दे,” मी म्हटलं. “त्यालाही ती मरायला नकोय. संध्याकाळपर्यंत नाक घासत येईल. तुम्ही फक्त थांबा. दोन वेळा तासन्‌तास थांबलात, आज का नाही?”

काकांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला. मोतीबिंदूला पुसून काय होणार? पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्यांनी अदलाबदलीच्या चौकटी उघडल्या. रीत त्यांना सगळी माहीत होती. त्यांनी आपल्या चौकटीत लगाम ठेवला. समोरची चौकट रिकामी.

“काका!”

गेमने स्वतःच विचारलं की बदल्यात काही न घेता देताय, नक्की का? एवढी अक्कल त्या यंत्रालाही होती. काकांनी ‘मंजूर’ दाबलं.

“अहो, काय केलंत हे? तुमचे आजोबा, तुमचा नियम, लगाम घरात राहतो म्हणून मला दोन वर्षं—”

“राहतो,” काका म्हणाले. “पण भांडण माझं नि त्याचं आहे, बाईसाहेब. तिला का उभी ठेवायची?”

लगाम घेऊन सरदार नाहीसा झाला. ‘थँक यू’सुद्धा नाही. आणि काका खुर्चीवरून उठताना मला म्हणाले, “चहा सांगा. तुमचा घसा बसला असेल.”

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी झापड लावलेली. काकू बाहेर रिक्षात बसून राहिल्या, कारण इथे आणायला त्या तयारच नव्हत्या आणि दोघं मुलीकडे कॅनडाला जायच्या आधी शेवटचं म्हणून कशाबशा आल्या होत्या. काका भिंत चाचपत चार नंबरपाशी आले आणि मला म्हणाले, “तोंड फिरवा.”

मी फिरवलं. त्यांनी झापडीखालून, न बघता, दोन बोटांनी पासवर्ड टाइप केला. तीनदा चुकला. तोवर मी भिंतीकडे बघत, माझीच पाटी वाचत उभी.

“आता बघा. हरणीची पट्टी कुठल्या रंगाची?”

मी पाहिलं. “हिरवी.”

“पुरी?”

“पुरी. टोकापर्यंत.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही ना?”

“मी कधी तुम्हाला बरं वाटेल असं बोललेय का?”

ते त्यांना पटलं. मग म्हणाले, “तो आहे का बघा. असला तर लिहा: टाच मारू नको. तोंडाची नाजूक आहे, लगाम ढिला ठेव.”

सरदार होता. आणि मी, जिने त्या गाळ्यात पाटी लावली, जिने दोन वर्षं सगळ्यांना ठगांपासून सावध केलं, ती मी खुर्चीत बसून एका चोराला गुजरातीत लिहीत होते की चोरलेली घोडी कशी चालवावी. काका मागे उभे राहून विचारत होते, “‘ढिलो’ लिहिलं का?”

उत्तर आलं. दोन शब्द. ‘ओके काका.’

मी वाचून दाखवलं. “ऐकणारा आहे,” काका समाधानाने म्हणाले. मला त्या दोघांनाही एकाच वेळी गदागदा हलवावंसं वाटलं.

मी हाताला धरून रिक्षापर्यंत नेऊ लागले तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्वतःच पायरी चाचपून चढले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, रिक्षात मात्र पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून ताठ बसला.

“क्यां जवानुं, काका?” रिक्षावाल्याने विचारलं.

“हरणी,” काका म्हणाले.

“घरी म्हणा,” आतून काकू ओरडल्या. “नुसतं घरी म्हणा!”